कटतीच्या तक्त्यातलं पुढचं शून्य

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, सकाळचे साडेअकरा. रक्कम अठ्ठ्याऐंशी हजार दोनशे रुपये. हजर पाच जण: जालन्यातल्या एका जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीचे, मालक किशनशेठ, त्यांचे मुनीमजी, फोनवरची ॲप करणारे मुजीबभाई, परतूरच्या कापूस खरेदी केंद्रावर काम करणाऱ्या प्रज्ञा खरात आणि मी. खुर्च्या चार होत्या. प्रज्ञाताई उभ्या होत्या.

एवढी रक्कम परतूरच्या केंद्रावर प्रज्ञाताईंनी खाल्ली, असं शेठचं म्हणणं होतं. डिसेंबरचा थकलेला आणि जानेवारीचा असा दोन महिन्यांचा त्यांचा पगार शेठनी अडवला होता. त्याहून वाईट म्हणजे जिनिंगवाल्यांच्या फोनवरच्या गटात त्यांचं नाव टाकून झालं होतं: या बाईला कामावर ठेवू नका. परतूर, मंठा, जालना, जिथं कापूस मोजला जातो तिथं तो निरोप पोचला होता. हिशेब जाणणाऱ्या माणसाचं नाव एकदा असं गेलं की त्याला दुसरं काम मिळत नाही. त्या सकाळी पणाला लागलं होतं ते एवढंच, त्यांचं नाव.

मी तिथं का होतो, हे सांगायचं तर माझं काम सांगावं लागेल. ते सांगताना मला दरवेळी थकवा येतो, कारण बावीस वर्षांत ते कुणाला नीट पटलेलं नाही. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हणजे टायपिंग का?" मी हो म्हणालो होतो. त्यातही फार खोटं नव्हतं.

मी टेंभुर्णीकडचा. घरची शेती भाऊ बघतो. मी जालन्यात व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करतो: जिनिंग, डाळ मिल, बियाणं, खत. एकाच धंद्यात यंत्रं चार असतात. वजनकाट्याजवळच्या संगणकातला प्रोग्रॅम एका भाषेत लिहिलेला असतो, हातातल्या छोट्या यंत्रातला दुसऱ्या भाषेत, फोनमधला तिसऱ्या आणि वेबसाइटचा चौथ्या. ही भाषा म्हणजे यंत्राला हुकूम द्यायची भाषा. प्रोग्रॅममधल्या बऱ्याच गोष्टी यंत्र स्वतः हिशेब करून काढतं. पण काही गोष्टी त्याला थेट लिहून द्याव्या लागतात: भाव सात हजार, गावाचं नाव परतूर, उधारी चालते का तर हो. या थेट लिहिलेल्या किमती चारही भाषांत त्या त्या भाषेच्या रिवाजाप्रमाणे उतरवून देणं, हा माझ्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जबाबदारीचा भाग.

रिवाज म्हणजे काय? साधं 'हो' घ्या. एक भाषा ते लहान अक्षरानं लिहा म्हणते, दुसरी मोठ्या अक्षरानं, तिसरीला 'हो' कळतच नाही, तिला एक हा आकडा लागतो. नाव लिहायचं तर अवतरणचिन्हांत लिहायचं. आता वडीगोद्रीच्या एका गिऱ्हाइकानं दुकानाच्या नावातच अवतरणचिन्हं घातली होती, मधलं टोपणनाव उठून दिसावं म्हणून. प्रोग्रॅमला वाटलं की नाव तिथंच संपलं. उरलेलं अर्धं नाव तो हुकूम म्हणून वाचायला लागला आणि बंद पडला. गिऱ्हाईक म्हणालं, "साहेब, बोर्डावर तर चालून राह्यलं की!" बोर्डावर सगळंच चालतं.

एका बियाणं व्यापाऱ्यानं उगवणशक्तीचा रकाना रिकामा ठेवला, तपासणी व्हायची होती म्हणून. एका भाषेत रिकामं म्हणजे 'माहीत नाही'. दुसऱ्या भाषेत तेच शून्य झालं. त्याच्या तीन दुकानदारांच्या फोनवर ते बियाणं शून्य टक्के उगवतं असं दिसायला लागलं. तो माझ्याकडे आला तेव्हा घामानं भिजलेला होता आणि नुसता फोन माझ्यासमोर धरून उभा होता.

खाते क्रमांकाचं तर विचारू नका. सतरा आकडी क्रमांक फोनच्या भाषेत आकडा म्हणून लिहिला की शेवटचे आकडे ती भाषा स्वतःच्या सोयीनं बदलते, कारण एवढा मोठा आकडा तिच्या हिशेबात नेमका बसत नाही. ती चूक झाली असंही सांगत नाही. तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि नव्यानं कामाला आलेल्या प्रत्येकाला मी तो सांगतो: ज्या आकड्याची बेरीज आपण आयुष्यात कधी करणार नाही, तो आकडा नव्हे, ते नाव आहे. त्याला नावासारखं लिहा.

हे सगळं हातानं करून करून मान गेली, तेव्हा मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याला तक्ता द्यायचा, तो चारही भाषांत उतरवून देतो. दिसायला काही नाही, काळ्या पडद्यावर दोन ओळी. त्याचे पैसे कुणी वेगळे दिले नाहीत. पण दहा वर्षांत त्यानं मला एकदाही तोंडघशी पाडलं नाही, आणि घरातल्या मिक्सरबद्दलही मी असं म्हणू शकत नाही.

आता परतूर.

कापूस ओला असेल तर वजन जास्त भरतं, म्हणून खरेदी करताना ओलावा मोजतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वजन कापतात. याला आमच्याकडे कटती म्हणतात. या जिनिंगचा तक्ता सोपा होता. आठ टक्क्यांपर्यंत कटती नाही. पुढं प्रत्येक दशांशाला क्विंटलमागे शंभर ग्रॅम. म्हणजे आठ दशांश पाचला पाचशे ग्रॅम, नऊला एक किलो. डिसेंबरच्या सुरुवातीला हा तक्ता नवा लागू झाला. तो मुनीमजींनी आपल्या अक्षरात लिहिला, शेठनी सही केली.

मुनीमजी सत्तरीपुढचे. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. त्यांची एक सवय होती, जी त्यांना त्यांच्या वडिलांनी लावली होती: आकड्याच्या पुढं जागा मोकळी सोडायची नाही. पाचशे लिहायचे तर ०५०० लिहायचे. "पुढं जागा दिसली की कुणाचाबी हात घुसतो," ते म्हणायचे. "पाचशेचे पंधराशे व्हायला एक रेघ बास." आयुष्यभर त्यांच्या आकड्यात कुणाचा हात घुसला नव्हता. ही गोष्ट खरीच होती.

माझा प्रोग्रॅम असं पुढचं शून्य काढून टाकतो. मी उतरवलेला तक्ता मुनीमजींनी पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुमच्या मशीननं शून्य खाल्लं." मी समजावलं की किमतीत काही फरक नाही. शेठ मध्ये पडले. "जाधवसाहेब, सही केलेला कागद आहे. त्यातलं एक शून्य इकडचं तिकडं न्हाई पाहिजे मला. तुमची मशीन राहू द्या. मुजीबभाई, तुम्ही हातानं टाका, जसंच्या तसं."

मुजीबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात माझी दुसरी दोन कामं अडकली होती आणि मला वाद घालायचा कंटाळा आला होता. काट्याजवळच्या संगणकात आणि परतूरच्या फोनमध्ये तक्ता जसाच्या तसा गेला, शून्यांसकट.

जानेवारीअखेर जालन्याच्या संगणकानं परतूरच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या. ओलावा तोच, वजन तेच, पण फोननं कटती कमी केलेली. एकूण बारा क्विंटल साठ किलो कापसाचे पैसे जास्त गेले होते. सात हजारांच्या भावानं अठ्ठ्याऐंशी हजार दोनशे. फोन प्रज्ञाताईंच्या हातात असायचा. शेठचा निष्कर्ष तिथंच निघाला.

त्या शनिवारी शेठ म्हणाले, "बाई, खरं सांगा. तक्ता एक, मंग कटती दोन कशा?"

"शेठ, मी फक्त ओलावा टाकते. पुढचं फोन करतो."

"फोन चुकत न्हाई. माणूस चुकतो."

"मग मी चुकल्याचं दाखवा."

"तुमच्या गावची माणसं लई खूश होती म्हणे तुमच्यावर. परतूरला रांग अन् बाकी केंद्रं रिकामी. का बरं?"

प्रज्ञाताईंनी खाली पाहिलं नाही. बी.कॉम. झालेल्या, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या गावात माणसं आहेत, शेठ. तुमच्या काट्यावर आली म्हणून काय चोर झाली? आणि मी डिसेंबरातच फोन केल्ता. कटती कमी पडल्यासारखी वाटते, बघा म्हणले. मला सांगितलं, फोन म्हणतो ते बराबर."

"कोणी सांगितलं?"

मुनीमजी टेबलावरचा पेन सरळ करत होते.

शेठ माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही बघा. दोन्हीकडचा तक्ता तपासा. फरक असला तर मी हिची माफी मागतो."

मी दोन्ही तक्ते पडद्यावर शेजारी शेजारी लावले आणि एकेक आकडा पाहिला. फरक नव्हता. एका टिंबाचाही नव्हता. मी तसं सांगितलं, आणि सांगतानाच मला कळलं की त्या बाईंसाठी यापेक्षा वाईट वाक्य मी बोलू शकलो नसतो. शेठ खुर्चीत मागे टेकले. प्रज्ञाताईंनी पहिल्यांदा भिंतीला हात लावला.

मुजीबभाई म्हणाले, "जाधवसाब, तक्ता छोडो. कटती किती आली ते बघू. आठ पाचला किती?"

फोनमधून नोंदी काढल्या. आठ दशांश पाचला पाचशेऐवजी तीनशे वीस ग्रॅम कापले होते. प्रत्येक वेळी तीनशे वीस. आठ दशांश एकला शंभरऐवजी चौसष्ट. आठ दशांश सातला सातशेऐवजी चारशे अठ्ठेचाळीस. आणि आठ दशांश आठला? बरोबर आठशे. नऊला बरोबर. पुढं सगळं बरोबर.

चोरी करणारा माणूस आठ दशांश सातला चोरी करून आठ दशांश आठला प्रामाणिक होत नाही. आणि चौसष्ट हा आकडा पाहिल्यावर माझ्या धंद्यातल्या कुणालाही दुसरं काही पाहायची गरज पडत नाही. मुजीबभाईंनी कपाळावर हात मारला. "या अल्ला. पुढचं शून्य."

"काय झालं?" शेठ.

मी सांगायला लागलो. आपण दहादहाचे गठ्ठे करून मोजतो. संगणकाच्या जगात पूर्वी आठाआठाचे गठ्ठे करून मोजायचीही पद्धत होती. काही भाषांनी तेव्हा ठरवलं की आकड्याच्या पुढं शून्य दिसलं तर तो आठाच्या गठ्ठ्यांतला समजायचा. काट्याजवळच्या संगणकातली भाषा हा रिवाज पाळत नाही. तिला ०५०० म्हणजे पाचशेच. फोनमधली भाषा पाळते. तिला ०५०० म्हणजे पाच वेळा आठ आठे चौसष्ट, तीनशे वीस. नव्या पद्धतीनं लिहिलं तर हल्ली ती अशा शून्यावर हरकत घेते, पण हे ॲप जुन्या पद्धतीचं होतं. आणि आठाच्या गठ्ठ्यात आठ आणि नऊ हे आकडेच नसतात. म्हणून ०८०० दिसलं की ती भाषा गपचूप दहाच्या हिशेबावर येते.

"म्हणजे तक्ता एकच," शेठ म्हणाले.

"एकच."

"अन् वाचणारे दोन."

"हो. म्हणूनच फरक सापडत नव्हता. फोनसाठी पुढचं शून्य काढून लिहिलं असतं, म्हणजे फरक असता, तर दोन्हीकडे हिशेब सारखा आला असता."

त्यांना ते पटलं नाही, असं मला दिसलं. मुजीबभाईंनी लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. "शेठ, तुमच्या हातानं टाका. शून्य, पाच, शून्य, शून्य. आता हे बटन." पडद्यावर ३२० आलं. शेठनी पुन्हा टाकलं. पुन्हा ३२०. मग पुढचं शून्य न घालता टाकलं. ५००. मग त्यांनी ०७०० टाकून पाहिलं, मग ०८००, आणि लॅपटॉप मुजीबभाईंकडे सरकवला.

पहिल्यांदा मुनीमजी बोलले. "शून्य माझं होतं."

"मुनीमजी, तुमचा काय दोष," मी म्हणालो, आणि मला तसंच वाटत होतं. त्यांची सवय चुकीची नव्हती. मुजीबभाईंनी सांगितलं तेच केलं होतं. शेठनी एक शून्य हलू नये एवढंच म्हटलं होतं. प्रत्येकानं चोख राहायचा प्रयत्न केला होता. माझ्या धंद्यात सगळ्यात महाग चुका अशाच होतात. जसंच्या तसं लिहिणं आणि तोच अर्थ पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाचे पैसे कुणाला द्यावेसे वाटत नाहीत.

"दोषाचं न्हाई सांगून राह्यलो," मुनीमजी म्हणाले. "या पोरीनं डिसेंबरात फोन केल्ता तो मला. मीच म्हणलो, फोन म्हणतो ते बराबर. अन् शेठनी विचारलं तवा मी गप बसलो."

शेठचा आवाज उतरला, पण हिशेब सुटला नाही. व्यापारी माणूस. "मंग हे अठ्ठ्याऐंशी हजार कुणाच्या नावे टाकू? शेतकऱ्याकडून तर परत येत न्हाईत."

मुजीबभाई म्हणाले, "माझ्या बिलातून कापा."

"तुमचं बिल केवढं, पंधरा हजाराचं! त्याच्यात काय होतं?"

"मग जितकं होतं तितकं."

पंधरा हजार कापले गेले. मी माझा वर्षाचा देखभालीचा करार त्या वर्षी निम्म्यात केला. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि केल्यावर कुणी आभारही मानले नाहीत. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "शून्य मुनीमजींचं, हट्ट शेठचा, अन् पैसे तुमचे. छान भाषांतर आहे." मला हसू आलं नाही, पण हिशेब तिचा बरोबर होता.

प्रज्ञाताई अजून उभ्याच होत्या. शेठ म्हणाले, "बसा, बाई." त्या बसल्या नाहीत.

"शेठ, त्या गटात माझं नाव तुम्ही टाकलं. आता खरं काय ते पण टाका."

"टाकू. बघू. असं एकदम टाकलं तर बाकीचे मालक हसतील मला. केंद्रावर या सोमवारपासून. पुढचा हंगाम पण तुम्हीच बघा."

"मला केंद्र नकोय. मला नाव पाहिजे."

शेठनी फोन हातात घेतला, थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि तो पालथा ठेवला. ते एरवी वाईट नव्हते. माझी मुलगी आजारी होती तेव्हा त्यांनी गाडी पाठवली होती. पण त्या दिवशी त्यांचा हात चालला नाही, आणि मी ते पाहत बसलो. 'शेठ, टाका ना,' एवढं मला म्हणता आलं असतं. आता वाटतं, म्हणायला हवं होतं.

ते काम मुनीमजींनी केलं. सोमवारपासून त्यांनी गटातल्या एकेका मालकाला फोन लावला. पहिल्या फोनच्या वेळी मी योगायोगानं तिथं होतो. आपल्याच शेठच्या पेढीवर, शेठला ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलत होते: "हां, मी मुनीम बोलतो. ती परतूरची बाई, खरात. तिच्यावर जे टाकलं ते गलत आहे. हिशेब तिचा साफ आहे. गडबड माझ्या कागदात होती. हां, माझ्या. लिहून घ्या पाहिजे तर." शेठ समोरच वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही.

सगळीकडे उपयोग झाला नाही. एका मालकानं विचारलं, "साफ आहे तर काढली कशाला?" दोघांनी फोनच उचलला नाही. पण मंठ्याच्या एका जिनिंगनं प्रज्ञाताईंना हिशेबाला बोलावलं. पगार पहिल्यापेक्षा हजारानं कमी आणि परतूरहून रोजचं जाणं-येणं.

मंठ्याला रुजू होण्याआधी त्या अडवलेला पगार घ्यायला आल्या. शेठनी पाकीट तयार ठेवलं होतं. रोख छत्तीस हजार. दोन महिन्यांचा पगार चोवीस हजार, वर एक महिन्याचा जास्तीचा.

"हे बारा हजार कशाचे?" त्यांनी विचारलं.

"ठेवा हो. मनाला लागलं असंल तुमच्या."

"मनाला लागलं त्याचा पगार होत न्हाई, शेठ. पाकीट ठेवा. मला चेक द्या, आणि पावतीवर महिने लिहा. उद्या कुणी म्हणायला नको की मिटवामिटवीचे घेतले."

शेठनी मुनीमजींकडे पाहिलं. मुनीमजींनी चेकबुक काढलं.

अदा केले ते असे: चोवीस हजार रुपये, डिसेंबर आणि जानेवारीचा पगार, चेकनं, प्रज्ञा दिनकर खरात यांना.